मत, मतदान आणि जनमत : सीमाभागातील निवडणूक-बातम्यांचे वाचन

मराठीत 'मत' हा एकच शब्द दोन कामे करतो. 'माझे मत विचाराल तर' असे आपण म्हणतो तेव्हा मत म्हणजे विचार, अभिप्राय. 'सकाळीच मत देऊन आलो' असे म्हणतो तेव्हा मत म्हणजे पूर्वी मतपत्रिकेवर मारलेला शिक्का आणि आता यंत्रावर दाबलेले बटण. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. कन्नडमध्येही विचारासाठी 'अभिप्राय' हा शब्द रूढ असून 'मत' हा मुख्यतः मतदानाच्या अंगाने येतो. मराठीत मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात, आणि त्यामुळे एक गोष्ट नकळत घडते. मतदानाचा निकाल वाचताना आपण तो विचाराचा निकाल म्हणून वाचतो. अमुक उमेदवाराला इतकी मते पडली, म्हणजे इतक्या लोकांचे अमुक प्रश्नावर असे मत आहे, असे आपण गृहीत धरतो.

बेळगाव, निपाणी, खानापूर या भागात हा घोळ केवळ शब्दाचा राहत नाही. येथे गेली सहासष्टहून अधिक वर्षे निवडणुकीच्या प्रत्येक निकालातून एका न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधले जात आहे. प्रश्न असा की, येथील लोकांना कोणत्या राज्यात राहायचे आहे? मतपत्रिकेवर हा प्रश्न कधीच छापला गेला नाही. तरीही उत्तर मात्र दर पाच वर्षांनी छापले जाते, मराठी वृत्तपत्रांत एक आणि कन्नड वृत्तपत्रांत दुसरे. राजकीय बातमी आणि जनमत यांचा संबंध कसा वाचावा, हे समजून घेण्यासाठी सीमाभागासारखे दुसरे उदाहरण मराठी प्रदेशात क्वचितच सापडेल. शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांना उपयोगी पडावा अशा रीतीने हा विषय येथे मांडला आहे.

कौल : आधी गाऱ्हाणे, मग उत्तर

निवडणुकीच्या बातम्यांत आणखी एक शब्द सतत भेटतो, तो म्हणजे 'कौल'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोलणे, वचन असा आहे. मराठी राज्यात रयतेला दिलेल्या लेखी अभयाला कौल किंवा कौलनामा म्हणत. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या किंवा तांदूळ लावायचे, गाऱ्हाणे घालायचे आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहायचे. उजवी पडली तर होकार. 'मतदारांचा कौल', 'जनतेने कौल दिला' हे आजचे प्रयोग या परंपरेतून आले आहेत.

या विधीतील एक गोष्ट बातमी लिहिताना आपण विसरतो. देवळात कौल लावण्यापूर्वी गाऱ्हाणे घातले जाते, म्हणजे प्रश्न सर्वांसमोर, मोठ्याने आणि स्पष्ट शब्दांत मांडला जातो. प्रश्न न मांडता पाकळी पडली, तर तिला कोणी कौल म्हणत नाही. ते फक्त फूल गळणे असते. निवडणुकीचा निकाल आणि जनमत चाचणीचे आकडे यांनाही हाच नियम लागू आहे. प्रश्न काय होता हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

गोव्याचा धडा : जानेवारी आणि मार्च १९६७

प्रश्न वेगळा असला की तेच मतदार वेगळे उत्तर देतात, याचा स्वच्छ पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. गोवा मुक्तीनंतर १९६३ च्या डिसेंबरमध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीन व्हावे असे म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. हा विजय म्हणजे विलीनीकरणाला मिळालेली संमतीच होय, असे विलीनीकरणवादी म्हणत. विरोधकांचे म्हणणे असे की, लोकांनी सरकार निवडले आहे, राज्याचे भवितव्य नव्हे. तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने ही मागणी लावून धरली. अखेर संसदेने १९६६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. प्रचार निःपक्ष वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती.

गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, तर संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा होता. विलीनीकरण फेटाळले गेले.

यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा दिल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. मतदार गोंधळलेले होते, असा याचा अर्थ नाही. त्यांना दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. कूळ, जमीन, शाळा, बहुजन समाजाला मिळालेला सन्मान या कारणांसाठी मगो पक्ष हवा असणाऱ्या कितीतरी मतदारांना गोव्याचे वेगळेपणही हवे असणार. जानेवारीचा कौल झालाच नसता, तर मार्चचा निकाल विलीनीकरणाचा विजय म्हणून इतिहासात नोंदला गेला असता.

या कौलात वृत्तपत्रांचा वाटा मोठा होता. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते. मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' हेही मराठीच दैनिक होते, पण ते विलीनीकरणाच्या विरोधात होते. त्यातील उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर गाजले. भाषा एक, वाचक पुष्कळसे तेच आणि भूमिका परस्परविरुद्ध. मराठी वाचणारा माणूस म्हणजे ठरावीक राजकीय मताचा माणूस, हे समीकरण गोव्यात तेव्हाच खोटे ठरले होते. या कौलाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. स्वतंत्र घटकराज्याचा तिसरा पर्याय त्यावर नव्हता. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी. म्हणजे प्रश्न नीट विचारला तरी कोणते पर्याय ठेवायचे, हे विचारणाऱ्याच्याच हाती असते.

बेळगाव-निपाणी : न विचारलेला प्रश्न

गोव्याला जे मिळाले ते सीमाभागाला मिळाले नाही. १९४६ साली बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो लेखकांचा आणि मराठी भाषकांचा उच्चार होता, पण ठराव म्हणजे मोजलेले जनमत नव्हे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कन्नड राज्यात घालण्याची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती अमलात आली. पुढे १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींची चार सदस्यांची समिती झाली, तिचे एकमत झाले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे, मात्र निपाणी, खानापूर, नंदगड हे भाग महाराष्ट्राला द्यावेत असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि निपाणीही आहे तेथेच राहिली. २००४ साली महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

या सर्व प्रवासात मराठी बाजूने चार तत्त्वे मांडली जातात. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात ह. वि. पाटसकर यांनी दिलेल्या निवाड्याचा आधार यासाठी घेतला जातो. पहिली तीन तत्त्वे नकाशा आणि जनगणना घेऊन तपासता येतात. चौथे, लोकेच्छा, कसे तपासायचे? स्वतंत्र कौल कधीच झाला नसल्यामुळे निवडणूक हेच लोकेच्छेचे माप मानले गेले. १९५७ पासून महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार आधी म्हैसूरच्या आणि १९७३ मध्ये राज्याचे नाव बदलल्यावर कर्नाटकाच्या विधानसभेत निवडून जात राहिले. बेळगाव महापालिकेवर समितीची दीर्घकाळ पकड राहिली. प्रत्येक विजयानंतर मराठी वृत्तपत्रांनी लिहिले की, लोकांनी पुन्हा एकदा महाराष्ट्राच्या बाजूने कौल दिला.

तेव्हा ते माप सोयीचे होते. पण माप एकदा स्वीकारले की ते दोन्ही बाजूंनी मोजते. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत समितीला एकही जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा मिळाल्या. २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा एकही नाही. कन्नड वृत्तपत्रांनी आणि बंगळूरच्या वाहिन्यांनी त्यातून काढलेला अर्थ उघड होता : सीमाप्रश्न लोकांनीच संपवला. मराठी बाजूने उत्तर आले की मराठी मतांत फूट पडली. फूट पडली होती हे खरेच, पण जिंकलो तर लोकेच्छा आणि हरलो तर फूट हा हिशेब तटस्थ वाचकाला पटणारा नाही. तसेच हरलो तर भाषिक भावना आणि जिंकलो तर प्रश्न संपला, हा समोरच्या बाजूचा हिशेबही पटणारा नाही.

निवडणूक हेच लोकेच्छेचे माप मानायचे, तर असे म्हणावे लागेल की लोकेच्छा २००८ मध्ये मेली, २०१३ मध्ये जिवंत झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा मेली. माणसांच्या मनातील राज्याची ओढ पाच-पाच वर्षांनी अशी उगवत आणि मावळत नसते. दोष लोकांत नाही, मापात आहे. २००८ च्या निवडणुकीपूर्वी मतदारसंघांची फेररचना झाली होती आणि उचगाव हा जुना मतदारसंघ नाहीसा झाला. मतदार तेच राहिले, पण रेघ बदलली आणि निकालाचे गणितही बदलले.

निपाणीकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. १९८१ साली येथेच शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. तंबाखूचा भाव, विडी कामगार बायकांची मजुरी, पाणी, साखर कारखाना, जात आणि उमेदवाराचा गावाशी असलेला संबंध हे सगळे मतदानाच्या दिवशी एका बटणात येते. निपाणीच्या मतदाराने कोणाला मत दिले एवढे आपल्याला कळते. का दिले, हे त्या आकड्यातून कळत नाही.

पाच महिन्यांत दोन मथळे

२०२१ साली हे सर्व एका वर्षात दिसून आले. एप्रिलमध्ये बेळगाव लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भाजपच्या उमेदवार अवघ्या ५,२४० मतांनी विजयी झाल्या. समितीचा तरुण उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला, पण त्याला १,१७,१७४ मते मिळाली. मराठी वाचकांपर्यंत पोचलेला अर्थ असा की मराठी अस्मिता पुन्हा जागी झाली. मग सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक झाली, आणि राष्ट्रीय पक्षांनी ती प्रथमच आपापल्या चिन्हांवर लढवली. ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या आणि समितीची महापालिकेवरील पकड सुटली. आता अर्थ असा निघाला की मराठी मतदाराने समितीकडे पाठ फिरवली.

एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत एवढे मतपरिवर्तन झाले का? लोकसभा मतदारसंघ म्हणजे केवळ शहर नव्हे. त्यात गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल हाही भाग येतो. पोटनिवडणुकीत मतदाराला ठाऊक असते की केंद्रातील सरकार आपल्या एका मताने बदलणार नाही, म्हणून नाराजी किंवा निष्ठा दाखवायला तेथे मोकळीक असते. महापालिकेत गटार, नळ, रस्ता आणि ओळखीचा नगरसेवक असतो. प्रश्न वेगळा, घटक वेगळा, उत्तरही वेगळे. मथळ्यात मात्र दोन्ही वेळा एकच शब्द होता, 'कौल'.

'इतर' या रकान्यात गेलेला मतदार

निवडणूक हे माप अपुरे असेल, तर जनमत चाचणी उपयोगी पडेल का? चाचणीचे बळ ती किती लोकांना विचारते यापेक्षा कोणाला विचारते यावर अवलंबून असते. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रे पाठवली. तेवीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन जिंकतील असा अंदाज छापला. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यांत रूझवेल्ट जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे ही साधने नव्हती ते यादीतच नव्हते. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला. भारतात १९६३ साली रजनी कोठारी यांनी स्थापलेल्या विकासशील समाज अध्ययन केंद्राने (सीएसडीएस) मतदाराच्या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास रुजवला.

नमुना नीट निवडला तरी सीमाभागापुरती एक अडचण उरते. ती अंकगणिताने पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ३.३८ टक्के होते. समजा, एखाद्या संस्थेने संपूर्ण कर्नाटकासाठी ५,००० लोकांची चाचणी घेतली. त्यात मराठी भाषक येतील सुमारे १६९. चुकीची शक्यता काढण्याचा ढोबळ नियम असा : नमुन्याच्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि १०० ला त्याने भागावे. ५,००० चे वर्गमूळ सुमारे ७१, म्हणून पूर्ण राज्याच्या आकड्यात दीड टक्क्यापर्यंत फरक संभवतो. १६९ चे वर्गमूळ १३, म्हणून मराठी भाषकांविषयीच्या आकड्यात फरक पावणेआठ टक्क्यांचा. हे १६९ जण बेळगाव, बिदर, कारवार, बंगळूर असे विखुरलेले असणार. त्यांतील निम्मे बेळगाव-निपाणी भागातील धरले, तर उरतात पंच्याऐंशी, आणि फरक जातो अकरा टक्क्यांजवळ. म्हणजे 'मराठी मतदारांपैकी ४५ टक्के अमुक पक्षाकडे' असे वाक्य वाहिनीवर आले, तर खरा आकडा ३४ असू शकेल किंवा ५६. राज्यासाठी चांगली असलेली चाचणी सीमाभागासाठी निरुपयोगी ठरते ती अशी.

शिवाय समितीचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या तक्त्यात बहुधा अपक्ष म्हणून नोंदले जातात. २०१३ मध्ये निवडून आलेले दोघेही राज्याच्या एकूण निकालात अपक्षांत मिळून गेले. वाहिनीच्या पडद्यावर त्या रकान्याचे नाव असते 'इतर'. जो मतदार स्वतःला एका सत्तर वर्षांच्या लढ्याचा भाग समजतो, त्याचे मत राज्याच्या बातमीत बंडखोर उमेदवारांच्या मतांबरोबर एका ओळीत बसते.

टक्केवारीवरून जागांचा अंदाज बांधणे हा आणखी निसरडा भाग. कर्नाटकात भाजपला २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत सुमारे ३६ टक्केच मते मिळाली. जागा मात्र १०४ वरून ६६ वर आल्या, कारण काँग्रेसची मते ३८ वरून ४३ टक्क्यांच्या जवळ गेली. भाजपच्या मतदाराने मत बदलले नाही, तरी मथळा 'जनतेने नाकारले' असाच होतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. अंदाज चुकणे हा गुन्हा नाही. चुकीची शक्यता किती होती हे न सांगणे, हा मात्र दोष आहे.

प्रश्न कोणत्या शब्दांत, कोणत्या भाषेत

भाषेच्या अभ्यासकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा मुद्दा हा आहे. सीमाभागात प्रश्नातील जवळजवळ प्रत्येक नामाला बाजू असते. 'बेळगाव' म्हटले की एक बाजू, 'बेळगावी' म्हटले की दुसरी. १ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय नाव दुसरे आहे, बहुतेक मराठी घरांत पहिलेच बोलले जाते. मराठीतला 'सीमाभाग' कन्नडमध्ये 'गडिनाडू' होतो. एक नोव्हेंबर हा दिवस एकाच शहरात कोणासाठी राज्योत्सव असतो तर कोणासाठी काळा दिन. चाचणी घेणारा दारात उभा राहून कन्नडमध्ये विचारतो की मराठीत, यावरूनही घरातील माणूस सावध होतो किंवा मोकळा होतो. अनोळखी माणसाला काय सांगितले म्हणजे त्रास होणार नाही, याचा अंदाज घेऊन उत्तर देणे हे सीमेवर राहणाऱ्याला नवे नाही.

शब्दांची अदलाबदलही लक्षात घ्यावी. कन्नड वृत्तपत्रांत निवडणूकपूर्व चाचणीला 'चुनावणा समीक्षे' आणि मतदानोत्तर चाचणीला 'मतगट्टे समीक्षे' म्हणतात. मतगट्टे म्हणजे मतदान केंद्र. मराठीत 'समीक्षा' म्हटले की ग्रंथाचे परीक्षण आठवते. दोन्ही भाषा वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक नोंदवून ठेवावा. मराठीत तीन गोष्टींसाठी तीन संज्ञा काटेकोरपणे वापरल्या तर बराच घोळ मिटेल. कायद्याने एका ठरावीक प्रश्नावर सर्व मतदारांचे घेतलेले मत म्हणजे 'सार्वमत' किंवा 'जनमत कौल'. निवडक लोकांना विचारून बांधलेला अंदाज म्हणजे 'जनमत चाचणी', आणि मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारली तर 'मतदानोत्तर चाचणी'. प्रतिनिधी निवडण्यासाठी झालेले मतदान म्हणजे 'निवडणूक', आणि तिच्या आकड्यांना 'निकाल' म्हणावे. निकालाला कौल म्हणायचेच असेल, तर कशाविषयीचा कौल हे त्याच वाक्यात लिहावे.

नियम काय सांगतात

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार, मतदान सुरू झाल्यापासून सर्व टप्प्यांचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचणी घेण्यास आणि प्रसिद्ध करण्यास बंदी आहे. सीमाभागाच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण येथील घरांत मुंबईच्या मराठी आणि बंगळूरच्या कन्नड अशा दोन्ही वाहिन्या लागतात. २०२४ मध्ये बेळगाव, चिक्कोडी आणि उत्तर कन्नड येथे ७ मे रोजी मतदान झाले. त्याच दिवशी कोल्हापूर, सांगली आणि गोव्यातही झाले. पण शेवटचा टप्पा १ जूनला असल्यामुळे त्या संध्याकाळपर्यंत कोणत्याच राज्याच्या वाहिनीला चाचणी दाखवता आली नाही.

भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत असे म्हटले आहे की, निवडणूकपूर्व चाचणी छापताना ती कोणत्या संस्थेने केली, कोणाच्या सांगण्यावरून केली, नमुना किती व कसा निवडला आणि चुकीची शक्यता किती, हे ठळकपणे द्यावे. आपल्या हाती येणाऱ्या बातम्या या कसोटीवर लावून पाहाव्यात. चौकातल्या पाच माणसांशी बोलून लिहिलेला 'मतदारांचा मूड' हा उत्तम वृत्तान्त असू शकतो. लोक कसे बोलतात हे त्यातून कळते. किती लोक तसे बोलतात हे मात्र कळत नाही.

वर्गासाठी अभ्यास

पुढील प्रश्न निवडणुकीच्या कोणत्याही बातमीला विचारता येतील.

१. मतदाराला किंवा उत्तर देणाऱ्याला नेमका कोणता प्रश्न विचारला होता? बातमीने दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर काढले आहे का?

२. मोजणीचा घटक कोणता? गाव, प्रभाग, तालुका, मतदारसंघ की जिल्हा? २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक सुमारे १८.७ टक्के होते. खेडे हा घटक धरला तर याच जिल्ह्यात मराठी बहुसंख्येची सलग गावे दिसतात. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, ते स्पष्ट करा.

३. कोण मोजले गेले नाही? 'इतर' या रकान्यात कोण आहे?

४. बातमीतील कोणते शब्द बाजू घेतात? त्यांच्या जागी तटस्थ शब्द सुचवा.

५. हाच निकाल उलटा लागला असता, तर या वृत्तपत्राने कोणता अर्थ काढला असता?

सरावासाठी हे दोन मथळे मुद्दाम रचले आहेत. 'सीमावासीयांचा महाराष्ट्राच्या बाजूने पुन्हा कौल' आणि 'सीमावादाला मतदारांची मूठमाती'. दोन्हींखालची बातमी एकच आहे असे समजा : एका मतदारसंघात समितीच्या उमेदवाराला २८ टक्के मते मिळाली आणि तो पराभूत झाला. विद्यार्थ्यांनी तिसरा मथळा लिहावा, ज्यात आकड्याने जेवढे सांगितले तेवढेच असेल. हा मथळा कमी चटकदार होईल. तो लिहिणे किती अवघड आहे हे कळणे, हाच या पाठाचा हेतू.

समारोप

सीमाभागातील लोकांना काय हवे आहे, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर न्यायालयात शोधले जावे, वाटाघाटींत शोधले जावे किंवा कधीतरी गोव्याप्रमाणे सरळ लोकांना विचारले जावे. त्या मार्गांविषयी मतभेद असू शकतात. पण निवडणुकीच्या निकालातून ते उत्तर परस्पर काढण्याची सवय दोन्ही भाषांतील वृत्तपत्रांनी सोडायला हवी, आणि मराठी बाजूने ती आधी सोडावी, कारण त्या सवयीने सर्वाधिक नुकसान मराठी बाजूचेच केले आहे. आपणच विजयाला लोकेच्छा म्हटले आणि मग पराभवाला काय म्हणावे हे आपल्याला कळेनासे झाले. ज्या माणसाने समितीऐवजी दुसऱ्या पक्षाला मत दिले, तो आपल्या मुलीला मराठी शाळेत घालत असेल, घरात मराठी पेपर घेत असेल आणि एक नोव्हेंबरला दुकान बंदही ठेवत असेल. त्याचे मतदान आपल्याला ठाऊक आहे. त्याचे मत आपण अजून विचारलेले नाही.